बुडून राहिला

आधीच सांगून टाकते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ‘विश्वास नव्हता’ असं लिहिणार होते, इथं सगळे तसंच लिहितात. पण ते खरं होणार नाही. अजूनही नाही.

मी विमा कंपनीत आहे. लोकांनी केलेले दावे खरे की खोटे हे तपासणं माझं काम. वीज पडून मेलेली म्हैस शेजाऱ्याच्या गोठ्यात निवांत रवंथ करताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. चोरीला गेलेली मोटरसायकल मालकाच्या सासुरवाडीत सापडलेली पाहिली आहे. पंचवीसेक वर्षं हेच केल्यावर माणसाचा स्वभाव काय होणार? माझे यजमान म्हणतात, हिला सत्यनारायणाचा प्रसाद दिला तरी आधी वास घेते. घेते. त्यात वाईट काय आहे?

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकावर ‘नामंजूर’चा शिक्का मारते. गाडी बंद पडली, पांढऱ्या साडीतली बाई दिसली — नामंजूर. आता माझाच दावा तुमच्यासमोर ठेवतेय. तुम्हीही हवा तेवढा संशय घ्या. मी स्वतः घेऊन थकले आहे.

नागपूरहून कुहीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला एक तलाव आहे. नाव देत नाही. दिलं तर रविवारी अर्धं नागपूर भूत बघायला येईल आणि चिप्सची पाकिटं टाकून जाईल. ज्यांना ओळखायचा ते ओळखतीलच. एका बाजूला मातीची लांब भिंत. भिंतीच्या पायथ्याशी बगीचा — घसरगुंडी, सिमेंटचे हरीण-बिबटे, बोटिंगचा धक्का. सुट्टीच्या दिवशी तिथं भेळ आणि भोंग्यांचा गोंगाट असतो. पण समोरचं टोक वेगळं आहे. तिकडे पाणी उथळ, त्यात वाळलेली झाडं उभी, कडेनं बेशरमीच्या झुडपांचं दाट रान. हिवाळ्यात बदकं तिथं उतरतात. आणि भिंतीपासून थोडं आत, चहूबाजूंनी पाण्यात, एक गोल दगडी बुरूज आहे. जुन्या काळी कालव्यात पाणी सोडायची दारं त्यातून उघडायचे म्हणे. आता त्यावर जायला पूलही नाही आणि शिडीही नाही, गंजलेल्या दोन-चार लोखंडी कड्या तेवढ्या उरल्यात. पाणकावळे तिथं पंख पसरून वाळवत बसलेले असतात.

दर जानेवारीत आम्ही काही हौशी लोक तिथं पाणपक्षी मोजतो. मेश्रामसर नावाचे एक निवृत्त भूगोलाचे शिक्षक हे सगळं जमवून आणतात. मोबाइलला तिथं रेंज जेमतेम, म्हणून सरांनी चार वॉकी-टॉकी आणलेले. तीन जागा ठरलेल्या — भिंत, बाभळी आणि देऊळ. एकेक सेट एकेका जागी, चौथा सरांच्या खांद्याला. नियम असा की बोलण्याआधी आपल्या जागेचं नाव घ्यायचं आणि बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं. सर त्या ‘ओव्हर’च्या बाबतीत फार कडक. विसरलं की शाळेत असल्यासारखे रागवायचे.

मी भिंतीवर. जोडीला अभ्यंकर. हे मूळचे पुण्याचे, गणिताचे मास्तर, निवृत्तीनंतर मुलीकडे धरमपेठेत राहायला आले. माणूस हुशार, दुर्बिणीला नजर पक्की, पण नागपूरच्या बोलण्याची चेष्टा केल्याशिवाय त्यांचा चहा गळ्याखाली उतरत नाही. त्या दिवशी सकाळी गाडीत माझा भाऊ फोनवर कोणाला तरी म्हणाला, “हाव, निघालो, येऊन राहिलो.” झालं, अभ्यंकरांना विषय मिळाला.

“येऊन राहिलो! म्हणजे आलात आणि मुक्कामच ठोकलात. काल तुमचे शेजारी म्हणाले, जेवण करून राहिलो. अहो, जेवण झाल्यावर राहायचं कशाला? आम्ही पुण्यात एकतर जेवतो, नाहीतर राहतो.”

“तुमच्याकडे कोणी जेवायला राहा म्हणत नाही ना,” मी म्हटलं, “म्हणून तुम्हाला सवय नाही.”

माझा भाऊ गाडी चालवता चालवता हसला. प्रमोद. माझ्यापेक्षा लहान, एकुलता एक भाऊ. सक्करदऱ्यात त्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, आणि त्यातून मिळतं ते सगळं कॅमेऱ्यात घालतो. लग्न केलं नाही. आईजवळ तोच असतो, किंवा आई त्याच्याजवळ असते, दोन्ही खरं. आदल्या दिवशी आईचा मला फोन आला होता. “त्याले पाण्यात नको जाऊ देऊ वं. मले सांगतलं नाई त्यानं, पण ते रबरी पिशवी घरात फुगवून पाहून राहिला होता.”

रबरी पिशवी म्हणजे प्रमोदची फुगवायची बोट. कोणाकडून तरी वापरलेली घेतलेली. त्यावर जाळी, जाळीवर वाळलेलं गवत. लांबून पाहिलं तर गवताचा भारा तरंगतोय असं वाटायचं. तो आत पोटावर झोपायचा आणि बदकांच्या पार जवळ जाऊन फोटो काढायचा. पोहायला येतं असं म्हणतो. उमरेडच्या विहिरीत लहानपणी दोन हात मारलेत, त्याला हा पोहणं म्हणतो.

धक्क्यावर आमचं भांडण झालं. मी बोट उलटी करून प्रत्येक सांधा पाहिला. एका बाजूला त्यानं स्वतः चिकटवलेलं ठिगळ होतं. ते मी नखानं ओढून पाहिलं. पक्कं होतं. बरोबर मी त्याच्यासाठी लाइफ जॅकेट आणलं होतं, नवीन, नारिंगी.

“ताई, हे पाहून एक बदक तरी जवळ येईन का वं? दिवाळीचा आकाशकंदील वाटून राहिला.”

“बुडशील तेव्हा तो आकाशकंदीलच दिसंल गा आमाले.”

“काही नाई बुडत. तू माणसाले दावा समजून पाहून राहिली.”

जॅकेट त्यानं माझ्याच हातात ठेवलं आणि गेला. वॉकी-टॉकीही घेतला नाही, त्याच्या खरखरीनं पक्षी उडतात म्हणून. मी तणतणत भिंतीवर गेले. आमचे आजोबा उमरेडला मागावर बसायचे. ते म्हणायचे, आपण पाहून राहिलो तिथं धागा नाई तुटत, दुसरीकडंच तुटते. हे मला नंतर आठवलं. तेव्हा नाही.

ऊन वर आलं, पाण्यावरचं धुकं विरायला लागलं आणि मोजणी सुरू झाली. सेट माझ्या हातात, दुर्बीण अभ्यंकरांच्या डोळ्यांना. ते नावं सांगत होते, मी टिपत होते. बाभळीवरून दोघी बहिणींचा आवाज येत होता, देवळावरून एका डॉक्टरांचा. सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

मग सेटमधून एक वेगळा आवाज आला.

“बुरूज. हळदीकुंकू उठले. भिंतीकडं येऊन राहिले.”

हळदीकुंकू हे एका बदकाचं नाव — चोच टोकाला पिवळी, बुडाशी लाल ठिपके. मी मान वर केली. आकाश रिकामं होतं. मी तोंड उघडून काही म्हणायच्या आत बुरुजाच्या मागून बदकांची रांग उठली आणि आमच्या डोक्यावरून गेली. हळदीकुंकूच होती.

“वा,” अभ्यंकर म्हणाले, “सरांनी बुरुजावर पण माणूस बसवला वाटतं.”

मला ते पटलं नाही. बुरुजावर माणूस बसवणार कसा? मी सरांना विचारलं. सर म्हणाले, “कोणता बुरूज? आपल्या तीनच जागा आहेत, मॅडम. ओव्हर.” म्हटलं, आत्ता बोलला तो कोण? सर म्हणाले, मी तर काही ऐकलं नाही, फक्त तुम्हाला ऐकून राहिलो.

आता माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. पहिला संशय प्रमोदवर. त्याला आवाज बदलायची जुनी खोड आहे. एकदा त्यानं मला ऑफिसात फोन करून बकरी हरवल्याचा दावा लावला होता आणि मी बराच वेळ त्याच्याशी कायद्याच्या गोष्टी करत बसले होते. म्हटलं, यानंच कुठून तरी पाचवा सेट मिळवला आणि गवताच्या भाऱ्यात पडून बहिणीची मजा बघतोय.

मी बटण दाबलं. “भिंत. बुरूज, तुम्ही कोण? ओव्हर.”

“बुरूज,” तो म्हणाला.

“नाव सांगा नाव. तुम्हाले तिथं कोणं बसवलं?”

जरा वेळ नुसती खरखर. मग, “कोणी नाई बसवलं, बाई. मी इथंच राहून राहिलो.”

अभ्यंकरांना हसू आवरेना. “राहून राहिलो! हा तर कळस झाला. राहिलाय, आणि वर पुन्हा राहिलाय.”

मी हसले नाही. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, घसा बसलेला. प्रमोद आवाज काढतो तेव्हा मजा घेत काढतो, शब्द जरा ताणतो. नकलाकार तसाच पकडला जातो. हा माणूस काही काढत नव्हता. घरी बोलावं तसं बोलत होता. आणि त्यानं एकदाही ‘ओव्हर’ म्हटलं नाही. तरी मी मनाशी म्हटलं, हा प्रमोदच. आज घरी गेल्यावर आईसमोर याची खबर घेते.

आम्ही पुन्हा मोजायला लागलो. अभ्यंकर थापट्या बदकांचा थवा मोजत होते. एवढ्यात सेट पुन्हा बोलला. या वेळी त्यानं जागेचं नाव घेतलं नाही.

“बाई. बेशरमीच्या मागं डोंगा बुडून राहिला. माणूस बुडून राहिला.”

मला राग आला. खरंच सांगते, भीती नाही, राग. आई तिकडे जीव मुठीत धरून बसलेली, आणि हा बुडण्याचं सोंग करतोय. मी सेट तोंडाशी नेला आणि म्हटलं, “प्रमोद, पुरे कर.”

मी अभ्यंकरांकडे पाहिलं. त्यांनी दुर्बीण खाली केली होती. चेहरा पांढरा पडला होता. माणूस चेष्टेखोर, पण मनानं भित्रा आहे हे मला तेव्हा कळलं.

“बाईसाहेब,” ते म्हणाले, “तो काय म्हणाला? माणूस बुडाला?”

“बुडाला नाही हो,” मी चिडून म्हटलं. “बुडून राहिला. किती वेळा सांगायचं तुम्हाला? बुडून राहिला म्हणजे अजून बुडतोय.”

आणि माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं.

मी कशी उतरले ते मला आठवत नाही. भिंतीचा उतार दगडी आहे, एरवी मी तिथून धरून धरून उतरते. मागून अभ्यंकर काहीतरी ओरडत होते, पोलीस, ॲम्ब्युलन्स असं काही. त्यांच्या हिशेबी ते संपलेलं होतं. माझ्या हिशेबी सोंग तरी होतं, नाहीतर अजून वेळ होता. दोन्हींत पळायलाच हवं होतं.

धक्क्यावर बोटिंगचा माणूस मनोहर चहा पीत बसला होता. पक्ष्यांच्या दिवसांत मोटार लावत नाहीत, वल्ह्याचीच बोट होती. मी आधी बोटीत बसले, मग त्याला सांगितलं.

“काय झालं बाई? कोणं सांगतलं?”

“तू चल गा आधी.”

चालला बिचारा. पाणी एवढं मोठं आहे हे भिंतीवरून कधी जाणवत नाही. बुरूज उजव्या हाताला आला. मी पाहिलं. नुसते पाणकावळे. मी प्रमोदच्या नावानं हाका मारत होते आणि दर हाकेला समोरची बदकं उठत होती. मोजणीचा सत्यानाश. बेशरमीच्या टोकापलीकडे मला गवताचा भारा दिसला. व्यवस्थित तरंगत होता. जाळीतून एक हात बाहेर आला आणि आम्हाला रागारागानं परत जा, परत जा अशी खूण करायला लागला.

मनोहरनं वल्हं थांबवलं. “बाई, त्यायचं तं बरं दिसून राहिलं.”

शरमेनं माझे कान तापले. म्हटलं, फसले. आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलं आणि घरातल्या माणसानं फसवलं. मी मनोहरला परत फिरव म्हणणार होते. तोंडात शब्द आला होता.

भाऱ्यातून फुस्स असा आवाज आला. मोठा नाही, कुकरची शिट्टी अर्धी व्हावी तेवढा. भारा एका बाजूनं दुमडला, गवत पाण्यात पसरलं आणि हात दिसेनासा झाला.

मनोहर चांगला माणूस आहे. तो नुसता वल्हवत सुटला. आम्ही पोचलो तेव्हा प्रमोद जाळीखाली होता. ती जाळी त्याच्या अंगाभोवती गुंडाळली होती आणि पाय खाली बेशरमीच्या फांद्यांत अडकले होते. तोंड पाण्याबाहेर यायचं, पुन्हा जायचं. ओरडायला त्याला श्वासच नव्हता, म्हणजे आम्ही भिंतीवर असतो तर आम्हाला काहीही ऐकू आलं नसतं. मनोहरनं वल्ह्यानं जाळी वर ओढली. मी प्रमोदची कॉलर धरली आणि सोडली नाही. बोट कलंडते की काय असं झालं, मनोहर मला शिव्या देत होता, मी त्या ऐकत होते आणि सोडत नव्हते. शेवटी तो आत आला. कॅमेरा खाली राहिला, अजून तिथंच आहे.

पाणी ओकून झाल्यावर तो पहिलं काय म्हणाला? “तुले कोणं सांगतलं वं, ताई?”

मी रडले. बोटीत मनोहरसमोर, गळा काढून.

आता माझं खरं काम सुरू होतं. प्रमोद म्हणतो, तुम्ही धक्क्यावरून निघाला तेव्हापासून मी तुम्हाला पाहून राहिलो होतो. तलवार बदकं अगदी समोर आली होती, आणि तू ओरडून ओरडून ती उडवली. हात हलवायला पुढे झुकलो अन् सांधा सुटला. म्हणजे तो आवाज मला ‘बुडून राहिला’ म्हणाला तेव्हा माझा भाऊ कोरडा ठणठणीत होता. बोटीत हवा होती. मी आणि मनोहर दोघांनी ती फुटताना पाहिली.

प्रमोदजवळ सेट नव्हता. त्याच्या अंगावरचे कपडे मीच उतरवले, म्हणून ठामपणे सांगते. चारही सेट संध्याकाळी सरांच्या टेबलावर होते. बोट मी घरी आणून बाल्कनीत पसरली आणि ऑफिसात पसरते तशी तपासली. कोणी कापली असेल? चीर नव्हती. ठिगळ जागच्या जागी घट्ट होतं. त्याच्या बरोबर समोरच्या बाजूचा, कंपनीतला मूळ सांधा उसवला होता. ज्याला मी नखसुद्धा लावलं नव्हतं.

बाभळीवरच्या दोघी, देवळावरचे डॉक्टर, सर — सगळ्यांनी एकच सांगितलं. त्यांना फक्त मी ऐकू येत होते. बुरूज, तुम्ही कोण. तुम्हाले कोणं बसवलं. प्रमोद, पुरे कर. मध्ये खरखर. सरांना वाटलं मला उन्हाचा त्रास होतोय.

आवाज ऐकणारा दुसरा माणूस एकच, अभ्यंकर. साहजिकच मी त्यांच्यावर संशय घेतला. अजूनही थोडा घेते. माझ्याशेजारी बसून आवाज काढणं त्यांना जमलं नसतं, पण काही उपकरण असेल, गणिताचा माणूस आहे. मी त्यांना समोर बसवून उलटसुलट विचारलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाईसाहेब, मला जर ते करता आलं असतं तर मी ‘बुडतोय’ म्हटलं असतं.” तो माणूस आयुष्यात ‘राहून राहिलो’ म्हणू शकणार नाही. मी त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. त्यांच्या तोंडी ते चेष्टेसारखंच येतं.

मनोहरला घेऊन मी बुरुजापर्यंतही गेले, भर दुपारी. सगळ्या कडांवर पाणकावळ्यांच्या विष्ठेचा पांढरा थर, वर्षानुवर्षांचा, जाड. त्यावर माणसाच्या पायाचं, हाताचं, कशाचंही निशाण नाही. धक्क्याजवळ चहाची टपरी चालवणाऱ्या म्हातारीला विचारलं, इथं कधी कोणी बुडालं होतं का? कोणी डोंगा चालवणारा? कारण डोंगा म्हणजे लाकडाचा कोरलेला, लहान. रबरी बोटीला आजकाल कोण डोंगा म्हणतं?

“नाई बापा,” ती म्हणाली. “बुडालेलं कोणी सापडलं तं नाई.”

सापडलं तर नाही. मी तिच्याकडे पाहिलं, पण ती चहात साखर टाकत होती. तिच्या मनात काही असेल असं वाटलं नाही.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा भिंत मागून घेतली. प्रमोद आला नाही. आईनं त्याला शपथ घातली आहे आणि तो हल्ली बागेतल्या सुगरण पक्ष्यांचे फोटो काढतो. अभ्यंकर येणार नाहीत असं वाटलं होतं, पण आले. चहासुद्धा चेष्टेशिवाय प्यायले. आम्ही मुकाट्यानं मोजत होतो. बाभळी बोलली, देऊळ बोललं. बुरूज गप्प. मला हायसं वाटत होतं, आणि वाईटही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटतं हे मला माहीत नव्हतं.

मोजणी संपली. सर सगळ्यांना खाली बोलवत होते. मी सेट बंद करायला बोट ठेवलं, आणि तो बोलला.

“बाई. भाऊ बरा आहे का?”

अभ्यंकरांनी माझा दंड धरला. म्हणजे त्यांनीही ऐकलं.

“हाव,” मी म्हटलं. ‘भिंत’ म्हणायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं, काही सुचलं नाही. “बरा आहे. तुमच्यामुळं आहे.”

खरखर.

“तुम्ही कुठी आहा? मी येते तुम्हाले न्यायले. बोट आहे आमच्याजवळ.”

मला वाटलं गेला. मग अगदी साध्या आवाजात, कोणी भाजी चिरून राहिलो म्हणावं तसं, तो म्हणाला —

“मी बुडून राहिलो, बाई.”

त्यानंतर तो बोललेला नाही.

आम्ही गेलो. मनोहर, मी, आणि या वेळी अभ्यंकरही, काठाला घट्ट धरून. बुरुजाभोवती फिरलो, बेशरमीत शिरलो, वाळलेल्या झाडांमधून गेलो. ऊन कललं तरी फिरत होतो. मनोहरनं एकदाही विचारलं नाही की आपण काय शोधतोय. काही सापडलं नाही. पाणकावळे उडायचे, आम्ही पुढे गेलो की पुन्हा येऊन बसायचे.

परतताना अभ्यंकर हळूच म्हणाले, “ते ‘बुडून राहिलो’ म्हणजे… बुडालो, आणि मग तिथंच राहिलो. असंच असेल ना हो?” त्यांना तसं असायला हवं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. संपलेलं.

मी काय सांगणार? लहानपणापासून बोलतेय ही भाषा. ‘आई येऊन राहिली’ म्हणजे आई वाटेत आहे. ‘भात शिजून राहिला’ म्हणजे अजून शिजायचा आहे. त्या एका शब्दात वेळ शिल्लक होता म्हणून माझा भाऊ आज आईजवळ आहे. मग बुरुजावरच्या त्याच्यासाठी तो शब्द मी पुण्याचा कसा करून घेऊ?

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. माझ्या टेबलावर हे प्रकरण आलं असतं तर मीच परत पाठवलं असतं — साक्षीदार दोन, त्यातली एक बहीण, पुरावा शून्य. अजूनही अधूनमधून वाटतं की कोणीतरी आम्हाला व्यवस्थित गंडवलं आहे आणि एक दिवस मी त्याला पकडीन. पकडायला मला फार आवडेल.

पण त्या दिवशी बोटीतून उतरण्याआधी मी मनोहरला पुन्हा बुरुजाकडे घ्यायला लावलं. प्रमोदनं न घेतलेलं ते नारिंगी जॅकेट वर्षभर गाडीतच पडून होतं, त्या दिवशी बोटीत चढताना मी ते बरोबर आणलं होतं. का आणलं, ते माझं मलाही विचारू नका. ते मी पाण्याच्या अगदी जवळच्या कडीला बांधलं, हात वर केला तर मिळेल असं. गाठ सैल ठेवली, ओढली की सुटेल अशी. जॅकेटवर नाव लिहिलेलं नसलं तर बोटिंगवाले आपलं समजून उचलून नेतात, म्हणून पर्समधल्या मार्करनं त्यावर नाव लिहिलं. दुसरं काही माहीत नव्हतं. ‘बुरूज’ असं लिहिलं.

मनोहर मधूनमधून फोन करतो. मी विचारायच्या आधीच सांगतो — आहे बाई, तसंच बांधून आहे.